विश्लेषण : ऐंशीच्या दशकातील दहा रॉक गाण्यांमध्ये आज पहिले कोण? तेव्हाचा नंबर आणि आजचा नंबर यांचा मेळ का बसत नाही?

अमेरिकेत तेव्हा नवव्या क्रमांकावर थांबलेले गाणे आजच्या यादीत पहिले आणि तेव्हा पहिले असलेले गाणे थेट तळाला. रीलच्या पंधरा सेकंदांत न मावणाऱ्या दहा गाण्यांची ही उलटी क्रमवारी.

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातील जिममध्ये संध्याकाळी ‘आय ऑफ द टायगर’ सुरू झाले, तर आज कुणी मान वळवून बघत नाही. अरुणावती धरणाच्या काठावर चित्रित केलेल्या प्री-वेडिंग व्हिडीओला ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ची गिटार जोडली, तर पाहुणे मंडळी कौतुकच करतात. निवडणुकीच्या निकालाच्या रीलवर ‘द फायनल काउंटडाउन’चा कीबोर्ड तर हमखास शोभतो. या गाण्यांचे नाव अनेकांना ठाऊक नसते, गायक कोण हेही माहीत नसते. पण चाल ओळखीची असते.

ही तिन्ही गाणी चाळीस वर्षांच्या आसपासची आहेत. ज्या दशकात ती गाजली, त्या दशकात यवतमाळ जिल्ह्यातील गावांपर्यंत ती थेट येण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. आज ती मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर आहेत. मात्र येताना ती पूर्ण येत नाहीत. सुरुवातीचे पंधरा सेकंद येतात, उरलेले गाणे मागेच राहते. म्हणूनच प्रश्न पडतो, की पूर्ण ऐकल्यावर यातील कोणते गाणे खरेच टिकते आणि कोणते फक्त सुरुवातीवर तगले आहे?

‘पहिला नंबर’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे गाण्यांची क्रमवारी म्हटले की ‘बिनाका गीतमाला’ आठवते. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या या कार्यक्रमात अमीन सायानी दर आठवड्याला गाण्यांना ‘पायदान’ देत. अमेरिकेत हेच काम ‘बिलबोर्ड’ हे नियतकालिक करत असे आणि आजही करते. त्याची मुख्य यादी ‘हॉट हंड्रेड’. मार्च १९८१ मध्ये त्याने रॉक वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांसाठी वेगळी यादी सुरू केली. तीच पुढे ‘मेनस्ट्रीम रॉक’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

ऐंशीच्या दशकात ‘हॉट हंड्रेड’ दोन गोष्टींवर ठरत असे. दुकानात किती रेकॉर्ड खपल्या आणि रेडिओवर गाणे किती वाजले. पण खपाचा आकडा यंत्राने मोजला जात नव्हता. दुकानदार सांगतील ते आणि रेडिओ केंद्रे कळवतील ते धरले जाई. बारकोडवरून खप मोजण्याची पद्धत १९९१ मध्ये आली. म्हणजे ऐंशीतील पहिला नंबर हा त्या आठवड्यातील अमेरिकन बाजाराचा, तोही काहीसा अंदाजाचा, हिशेब होता. गाणे चाळीस वर्षांनी ऐकले जाईल की नाही, हे त्यात कुठेच नव्हते.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जर्नी या बँडचे ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ १९८१ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबले. २००७ मध्ये ‘द सोप्रानोज’ या मालिकेच्या शेवटच्या दृश्यात ते वाजले आणि त्याला दुसरा जन्म मिळाला. केट बुश यांचे ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसरे होते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत आल्यावर २०२२ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, ते पहिले झाले. गाणे तेच, सूर तेच. बदलले ते ऐकणारे.

ही क्रमवारी कशी लावली?

यादीतील दहाही गाणी १९८० ते १९८९ या काळातील आहेत, सर्व अमेरिकेत पहिल्या दहांत होती आणि सर्व आजही वाजतात. त्यांना तीन कसोट्या लावल्या आहेत. पहिली, ओळखीच्या सुरुवातीनंतर गाण्यात काही उरते का? दुसरी, शब्दांचा अर्थ कळल्यावर गाणे मोठे होते की लहान? तिसरी, त्या काळातील यंत्रांचा आवाज आज कानाला जुनाट वाटतो का? तेव्हाचा क्रमांक सोबत दिला आहे, पण त्याला गुण दिलेले नाहीत.

१०. ‘वी बिल्ट धिस सिटी’ – स्टारशिप (१९८५). तेव्हा : १

नोव्हेंबर १९८५ मध्ये हे गाणे दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. २००४ मध्ये अमेरिकेतील ‘ब्लेंडर’ मासिकाने आजवरच्या सर्वांत वाईट गाण्यांच्या यादीत त्याला अव्वल स्थान दिले. २०११ मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनीही ते ऐंशीच्या दशकातील सर्वांत वाईट गाणे ठरवले. एवढा राग का? तर गाण्यात तक्रार आहे की कंपन्यांनी संगीताचा खेळखंडोबा केला. आणि हे सांगणारे गाणे मात्र पूर्णपणे कंपनीच्या साच्यातले आहे. चार गीतकार-संगीतकार, यंत्राचा ठोका, मधेच रेडिओ निवेदकाची बडबड. ज्या जेफरसन एअरप्लेन या बंडखोर बँडच्या वंशातून स्टारशिप आला, त्याची धग इथे शोधूनही सापडत नाही. पुढे गायिका ग्रेस स्लिक यांनीही या गाण्याबद्दल नापसंती बोलून दाखवली. मुखडा मात्र डोक्यातून जात नाही, हे कबूल करावे लागते.

९. ‘द फायनल काउंटडाउन’ – युरोप (१९८६). तेव्हा : ८

कबड्डीच्या स्पर्धेपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत कुठेही शोभणारा कीबोर्ड. स्वीडनच्या युरोप या बँडचा गायक जोई टेम्पेस्ट याने ही धून आधीच रचून ठेवली होती. गाणे आहे पृथ्वी सोडून शुक्राकडे निघालेल्या माणसांचे. अडचण अशी, की कीबोर्ड थांबला की गाणेही थांबल्यासारखे वाटते. कडव्यांमध्ये यानातील माणसांची भीती किंवा घराची ओढ असे काहीच हाती लागत नाही. बँडचा गिटारवादक जॉन नोरम याला हा कीबोर्डचा भडिमार पसंत नव्हता आणि गाणे जगभर गाजत असतानाच त्याने बँड सोडला. पहिल्या कसोटीवर गाणे नापास, पण सुरुवातीला शंभरपैकी शंभर.

८. ‘जम्प’ – व्हॅन हॅलन (१९८४). तेव्हा : १

एडी व्हॅन हॅलन हा त्या काळातील सर्वांत अफाट गिटारवादकांपैकी एक. गंमत म्हणजे त्याच्या बँडचे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले एकमेव गाणे कीबोर्डचे आहे. गायक डेव्हिड ली रॉथ याला ही धून सुरुवातीला नको होती. गाणे पाच आठवडे पहिले राहिले. इमारतीवरून उडी मारण्याच्या बेतात असलेल्या माणसाची टीव्हीवरील बातमी पाहून रॉथला हे शब्द सुचले, असे त्याने सांगितले आहे. ते कळल्यावर हे आनंदी गाणे ऐकताना थोडे चरकायला होते. पण मधला गिटारचा तुकडा अजून ताजा आहे.

७. ‘आय ऑफ द टायगर’ – सर्व्हायव्हर (१९८२). तेव्हा : १

सिल्व्हेस्टर स्टॅलोनला ‘रॉकी ३’साठी क्वीनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हवे होते. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने सर्व्हायव्हरकडून नवे गाणे मागितले. सुरुवातीचे गिटारचे ते तुटक ठोके सिनेमातील ठोशांच्या दृश्याबरहुकूम बसवले आहेत. म्हणजे हे गाणे जन्मापासूनच व्यायामासाठी बांधलेले आहे. सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या या गाण्यात फसवेगिरी नाही. जे सांगते तेच करते. मात्र त्यापलीकडे जात नाही, म्हणून सातवे.

६. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ – क्वीन (१९८०). तेव्हा : १

स्टॅलोनला न मिळालेले ते हे गाणे. मराठीत ज्याला आपण धूळ चाटणे म्हणतो, त्याच अर्थाचे नाव. बेस गिटारवादक जॉन डीकन याने ते लिहिले. शिक या अमेरिकन बँडच्या नाचाच्या ठेक्याचा त्यावर प्रभाव आहे. रेडिओसाठी ते स्वतंत्र काढा, असा आग्रह मायकल जॅक्सनने धरला होता. इथे आवाजापेक्षा शांतता जास्त आहे. बेस, ड्रम, गाणे आणि मधे भरपूर मोकळी जागा. म्हणूनच ४५ वर्षांनंतरही ते जुने वाटत नाही. एक विचित्र योगायोगही आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी, असे प्रथमोपचारात शिकवतात. या गाण्याचा ठेका मिनिटाला साधारण ११० आहे. मरणाचे गाणे जीव वाचवायला उपयोगी पडू शकते. फक्त रुग्णासमोर ते मोठ्याने म्हणू नये.

५. ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ – ब्रायन अॅडम्स (१९८५). तेव्हा : ५

अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर थांबलेले हे गाणे भारतातील कॉलेजांमध्ये मात्र कायम वरच्या नंबरवर राहिले. याचे एक कारण अगदी साधे आहे. गिटार हाती घेतलेल्या नवशिक्याला पहिल्या काही आठवड्यांतच डी आणि ए हे दोन कॉर्ड जमतात आणि तेवढ्यावर याची कडवी वाजवता येतात. पहिली गिटार, फुटलेला बँड, लग्न करून गेलेले मित्र, हे सगळे यवतमाळच्या वसतिगृहातही तसेच घडते. कॅनडाचा अॅडम्स १९६९ च्या उन्हाळ्यात फक्त ९ वर्षांचा होता. तेव्हा ही आठवण त्याची स्वतःची नाही, ती रचलेली आहे. पण रचलेली आठवण लाखो लोकांना स्वतःची वाटली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा भारतात येऊन गेला, तेव्हाही लोक याच गाण्याची वाट पाहत होते.

४. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ – द पोलिस (१९८३). तेव्हा : १

आठ आठवडे पहिला क्रमांक. अँडी समर्सची गिटार इतकी हळुवार, की जगभर लोकांनी हे लग्नाचे गाणे करून टाकले. प्रत्यक्षात ते सोडून गेलेल्या स्त्रीवर क्षणाक्षणाला नजर ठेवणाऱ्या पुरुषाचे गाणे आहे. ते लिहिणाऱ्या स्टिंगने स्वतः अनेकदा सांगितले आहे, की यात पाळत आहे, मत्सर आहे, मालकी आहे. आज मोबाइलवरचे लोकेशन, ‘लास्ट सीन’ आणि कुणी कुणाची स्टोरी पाहिली याच्या नोंदी ठेवणाऱ्या काळात हे गाणे १९८३ पेक्षा जास्त भीतिदायक वाटते. दुसऱ्या कसोटीवर याला मोठे गुण आहेत. पहिल्या तिघांत ते नाही, कारण गोडव्याने गाणे आपलाच अर्थ इतका झाकते की इशारा कुणाला ऐकूच येत नाही. प्री-वेडिंग व्हिडीओवर ते लावण्याआधी शब्द एकदा वाचून घेतलेले बरे.

३. ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ – गन्स अँड रोझेस (१९८८). तेव्हा : १

सुरुवातीची धून म्हणजे गिटारवादक स्लॅशचा बोटांचा सराव होता. तारा ओलांडत बोटे फिरवण्याचा व्यायाम. बाकीच्यांनी त्याखाली सूर धरले आणि एक्सल रोझने मैत्रिणीसाठी लिहिलेले शब्द बसवले. शेवटी पुढे काय करायचे हे सुचेना, तेव्हा तो प्रश्नच गाण्याचा शेवट झाला. आणि तिथेच प्रेमाचे गोड गाणे अचानक काळजीचे, अंधाराचे होते. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे रेडिओ आणि टीव्हीसाठी कापले गेले, तेव्हा कात्री नेमकी गिटारच्या भागावर चालली. रोझला ते अजिबात आवडले नाही. म्हणजे गाण्याचा तुकडा करण्याचा रोग रीलपेक्षा जुना आहे. २०१९ मध्ये यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूज गाठणारा ऐंशीच्या दशकातील हा पहिला व्हिडीओ ठरला.

२. ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’ – बॉन जोव्ही (१९८६). तेव्हा : १

हे प्रेमाचे गाणे म्हणून वाजते, पण त्याची सुरुवात संपाने होते. टॉमी गोदीत काम करतो, युनियनने संप पुकारला आहे, गिटार गहाण पडली आहे. जीना हॉटेलात काम करून दोघांचे घर चालवते. हे वाचून महाराष्ट्राला आपले काही आठवायला हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी संपलाच नाही. गिरणगावातील किती घरांत तेव्हा जीनाने घर सांभाळले असेल, याचा अंदाज करता येतो. कापूस पिकवणाऱ्या दिग्रस, दारव्हा, पुसद या पट्ट्याला तर गिरणी हा शब्द परका नाही. संगीतातही गाणे बांधून आहे. तोंडात नळी धरून गिटारला बोलायला लावणारा ‘टॉक बॉक्स’ सुरुवातीला येतो आणि शेवटी अख्खे गाणे एकदम वरच्या पट्टीत उडी घेते. परिस्थिती बदललेली नसते, फक्त दोघांचा निर्धार वाढलेला असतो. ही उडी ऐकण्यासाठी गाणे शेवटपर्यंत ऐकावेच लागते.

१. ‘बॉर्न इन द यूएसए’ – ब्रूस स्प्रिंगस्टीन (१९८४). तेव्हा : ९

दहा गाण्यांत तेव्हाचा सर्वांत खालचा क्रमांक याचाच. नाव ऐकून, ढोल ऐकून आणि आवळलेली मूठ पाहून लोकांना वाटले, हे देशाभिमानाचे गाणे आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनचे नाव घेऊन त्याच्या गाण्यांतील आशेचा गौरव केला. प्रत्यक्षात हे गाणे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या एका कामगाराचे आहे. कारखाना त्याला परत घेत नाही, माजी सैनिकांचे कार्यालय हात वर करते, भाऊ युद्धात गेलेला आहे. दहा वर्षांनंतरही त्याला जाण्यासाठी जागा नाही. ‘मी याच देशात जन्मलो’ हे तो छाती फुगवून सांगत नाही. तो जाब विचारतो आहे.

एवढा मोठा गैरसमज कसा झाला? याचे उत्तर ध्वनिमुद्रणात आहे. स्प्रिंगस्टीनने हे गाणे आधी एकट्याने, गिटारवर, हलक्या आवाजात मुद्रित केले होते. ते १९९८ मध्ये ‘ट्रॅक्स’ या संचातून बाहेर आले. ते ऐकून कुणालाही देशभक्तीचा भास होत नाही. बँडसह केलेल्या मुद्रणात मात्र मॅक्स वाइनबर्गचा ड्रम तोफेसारखा फुटतो आणि शब्द त्याखाली दबतात. हा दोष की ताकद? ताकदच म्हणावी लागेल. कारण मुखड्यातील अभिमान आणि कडव्यांतील अपमान एकाच माणसाचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. गाणे जितक्या वेळा ऐकावे तितके ते वाढते. तिन्ही कसोट्यांवर असे दुसरे गाणे यादीत नाही.

ऐंशीचा तो ‘धाड’ आवाज येतो कुठून?

यादीतील बहुतेक गाणी पहिल्याच ठोक्याला त्यांचे दशक सांगतात. त्यामागे एक तांत्रिक युक्ती आहे. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली, की आवाज भिंतींवर आपटून हळूहळू विरतो. ड्रमचा असा घुमणारा आवाज पकडायचा आणि तो विरण्याआधीच यंत्राने पटकन कापायचा. याला ‘गेटेड रिव्हर्ब’ म्हणतात. गेट म्हणजे इथे अक्षरशः फाटक. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की फाटक बंद. परिणामी ठोका प्रचंड मोठा वाटतो, पण पुढच्या ठोक्यात मिसळत नाही. लंडनमध्ये ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम आणि ड्रमवादक फिल कॉलिन्स यांनी पीटर गेब्रियलच्या १९८० च्या अल्बमवर ही युक्ती वापरली. कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ने १९८१ मध्ये ती जगाला ऐकवली. त्यानंतर दशकभर प्रत्येकाला तसाच ड्रम हवा होता. १९८३ मध्ये यामाहाचा ‘डीएक्स ७’ हा कीबोर्ड आला आणि एकाच साच्यातील आवाज सगळीकडे पसरले.

म्हणूनच तिसऱ्या कसोटीवर बरीच गाणी अडखळतात. जे त्या वर्षी सर्वांत नवे असते, तेच पुढे सर्वांत लवकर जुने होते.

तेव्हा महाराष्ट्रात काय वाजत होते?

रॉकशी महाराष्ट्राचे नाते या यादीपेक्षा जुने आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथेच तो पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँड त्याने मित्रांबरोबर काढला. द पोलिस हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत होमी भाभा सभागृहात गाऊन गेला. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ तेव्हा लिहिलेही गेले नव्हते. १९८६ मध्ये धोबी तलावजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’मध्ये उदय बेनेगल आणि महेश तिनईकर होते. त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम १९८८ मध्ये आला. पुढे हाच बँड ‘इंडस क्रीड’ झाला.

पण हे सारे घडले मुंबईत आणि इंग्रजीत. विदर्भातील गावांपर्यंत त्याची झुळूक पोहोचली ती हिंदी सिनेमातून. १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यातील ‘कोई यहाँ नाचे नाचे’ची चाल बगल्स या ब्रिटिश बँडच्या ‘व्हिडीओ किल्ड द रेडिओ स्टार’वर बेतलेली होती. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला, तेव्हा पहिला व्हिडीओ दाखवला गेला तो याच गाण्याचा. म्हणजे न्यूयॉर्कच्या टीव्हीवरची चाल पुढच्याच वर्षी बप्पी लाहिरींच्या हातून आपल्याकडच्या टॉकीजमध्ये दाखल झाली होती. मूळ गाणे कुणाचे, हे प्रेक्षकांना कुणी सांगितले नाही, एवढेच.

याच सिनेमात ‘कृष्णा धरती पे आजा तू’ गाणारा आवाज मराठी होता. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी दाम्पत्याचा हा मुलगा ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’च्या मुंबईतील प्रयोगात ज्युडास झाला, पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रंगमंचावर उभा राहिला आणि इंग्रजी रॉक तर गातच होता. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी घरातून आलेल्या या रॉक गायकाचे नाव आज दहापैकी किती जणांना ठाऊक असेल? क्रमवारीत न बसणाऱ्यांची किंमत अशी असते.

आज क्रमवारी कोण लावतो?

आता दुकानदाराला कुणी विचारत नाही. कोणते गाणे किती वेळा ऐकले गेले, हे ॲप मोजते आणि ते पाहून पुढचे गाणे सुचवते. कोणत्या व्हिडीओला कोणती धून जोडली, याचीही नोंद होते. यात फायदा मोठा आहे. दिग्रसच्या मुलाला आज मुंबईच्या मुलाइतकेच गाणे उपलब्ध आहे, तेही त्याच क्षणी. पण ॲप मोजते ते वाजणे. समजणे त्याला मोजता येत नाही. त्यामुळे सुरुवात जोरदार असलेली गाणी वर जातात आणि ज्यांचे मर्म चौथ्या मिनिटाला आहे, ती तुकड्यांतच ओळखली जातात.

मिरवणुकीतील डीजेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. आवाज छातीत धडधडतो, पाय आपोआप हलतात, पण कोणते शब्द होते ते घरी आल्यावर आठवत नाही. ‘बॉर्न इन द यूएसए’बाबत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचेही नेमके हेच झाले. फसवणूक गाण्याने केली नव्हती. ऐकणारे मुखड्यावरच थांबले होते.

यावर उपाय साधा आहे आणि फुकट आहे. ‘बॉर्न इन द यूएसए’ आधी बँडसह ऐकावे आणि लगेच १९९८ मध्ये आलेले एकट्या गिटारवरचे ऐकावे. शब्द समोर उघडून ठेवावेत. दोन्ही मिळून साधारण आठ मिनिटे लागतात. त्यानंतर ही क्रमवारी पटली नाही, तर आपली स्वतःची लावावी. फक्त ती पंधराव्या सेकंदानंतर लावावी.